घड्याळाच्या प्रमाणपत्रावरील तारीख नेमके काय सांगते?

चेन्नईच्या त्यागरायनगर भागातील भारतीय जनता पक्षाच्या 'कमलालयम' या प्रदेश कार्यालयात १४ एप्रिल २०२३ रोजी एका मनगटी घड्याळाची पावती पत्रकारांपुढे ठेवण्यात आली. पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष के. अण्णामलाई यांच्या मनगटावरील या घड्याळावरून त्याआधीचे चार महिने तमिळनाडूत राजकीय वाद सुरू होता. 'बेल अँड रॉस' या फ्रेंच कंपनीने राफेल विमानाच्या नावाने काढलेल्या मर्यादित मालिकेतील ते घड्याळ होते. सुमारे ५ लाख रुपये किमतीचे घड्याळ कोठून आणि कसे आले, त्याची पावती दाखवा, असे आव्हान द्रविड मुन्नेत्र कळघमचे तत्कालीन मंत्री व्ही. सेंथिल बालाजी यांनी डिसेंबर २०२२ मध्ये दिले होते.

अण्णामलाई यांनी दिलेल्या माहितीनुसार हे घड्याळ ५०० पैकी १४७ क्रमांकाचे आहे. कोइम्बतूरमधील एका दुकानातून मार्च २०२१ मध्ये ते प्रथम विकले गेले आणि त्यानंतर पहिल्या खरेदीदाराकडून आपण ते ३ लाख रुपयांना घेतले, असे त्यांनी सांगितले. विरोधकांचे या खुलाशाने समाधान झाले नाही. त्या राजकीय वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मात्र या निमित्ताने एक प्रश्न पुढे आला, जो महागडे घड्याळ विकत घेणाऱ्या अथवा वारशाने मिळालेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. घड्याळासोबतच्या कागदावर जी तारीख असते, ती कशाची तारीख असते?

तीन तारखा, एक घड्याळ

राफेल नावाची ही मालिका बाजारात आली २०१५ मध्ये. दुकानातील विक्री २०२१ मधील. म्हणजे मालिका जाहीर होणे आणि तिच्यातील एक घड्याळ ग्राहकाच्या हाती पडणे यांत सहा वर्षांचे अंतर आहे. त्यानंतर त्याच वर्षी दुसरी विक्री. सामान्य वाचकाला सहा वर्षांचे अंतर विचित्र वाटेल. घड्याळाच्या व्यापारात ते तसे नाही. महागडी घड्याळे दुकानाच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. मर्यादित मालिकेतील मोठ्या आकाराच्या, सिरॅमिकच्या चौकोनी घड्याळाला ग्राहक मिळण्यास वेळ लागणे तर अगदीच स्वाभाविक.

आता १४७ या आकड्याकडे पाहू. मागील झाकणावर कोरलेला हा आकडा मालिकेतील स्थान दाखवतो. तो तारीख नव्हे. १ क्रमांकाचे घड्याळ जानेवारीत आणि ५०० क्रमांकाचे डिसेंबरमध्ये तयार झाले, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. त्यामुळे उत्पादन केव्हा झाले, विक्री केव्हा झाली आणि सध्याच्या मालकाकडे ते केव्हा आले, या तीन स्वतंत्र गोष्टी असून त्यांचे पुरावेही निरनिराळ्या ठिकाणी असतात. बहुतेक घोटाळे या तिन्हींची गल्लत करून केले जातात, आणि बहुतेक निष्पाप गैरसमजही याच गल्लतीतून होतात.

भारतात कागदाला एवढे महत्त्व का?

इतर अनेक देशांत घड्याळाचे कागद हरवले तर पुनर्विक्रीची किंमत थोडी घटते, एवढेच. भारतात प्रश्न कायद्याचाही आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२३ मध्ये एक अपवादात्मक तरतूद आहे. एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. तथापि काही वस्तू तस्करीच्या असल्याच्या रास्त समजुतीने जप्त झाल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्या ताब्यात त्या सापडल्या त्याच्यावर येतो. कलमात सोने आणि सोन्याच्या वस्तू यांच्या जोडीने घड्याळांचा नावाने उल्लेख आहे. स्विस घड्याळे चोरट्या मार्गाने मोठ्या प्रमाणावर देशात येत, त्या काळाचा हा वारसा. पण तरतूद आजही लागू आहे.

चेन्नई विमानतळाला हा विषय नवा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एका प्रवाशाकडून पाटेक फिलिप आणि ब्रेगे या दोन कंपन्यांची एकेक अशी दोन घड्याळे जप्त केली. या दोनच घड्याळांची किंमत दीड कोटी रुपयांहून अधिक होती. याखेरीज २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने खरेदीदाराकडून १ टक्का प्राप्तिकर विक्रीच्या वेळीच गोळा करण्याचा नियम लागू झाला. परिणामी अशा विक्रीची नोंद आता कर खात्याकडेही राहते. जुन्या घड्याळांच्या बाबतीत अशी सोय नाही. तेथे पावती, प्रमाणपत्र आणि घड्याळावरील क्रमांक यांचाच आधार.

प्रमाणपत्रावर काय असते, काय नसते

हमीपत्र, मूळ प्रमाणपत्र, हमी कार्ड अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या कागदावर साधारणपणे चार गोष्टी असतात: घड्याळाचा नमुना सांगणारा संदर्भ क्रमांक, त्या एकाच घड्याळाचा अनुक्रमांक, विक्रेत्याचे नाव अथवा शिक्का आणि एक तारीख. ही तारीख विक्रीची असते, उत्पादनाची नव्हे. ती दुकानदार भरतो आणि तिच्यापासून हमीची मुदत मोजली जाते. कारखान्यातून घड्याळ बाहेर पडते, तेव्हा तारखेची जागा सर्वसाधारणपणे रिकामीच असते.

या रिकाम्या जागेने व्यापारात बराच उच्छाद मांडला आहे. काही दुकानदार तारीख न भरताच प्रमाणपत्र देतात. असा कोरा कागद पुढे हातोहात फिरतो आणि पाच-सात वर्षे वापरलेले घड्याळ 'गेल्या महिन्यातील' म्हणून विकण्यासाठी त्यावर हवी ती तारीख टाकता येते. शाईचा रंग शिक्क्याच्या शाईहून ताजा दिसत असेल, तर हा विचार मनात आणावा.

तारीख लिहिण्याची पद्धत हाही एक फसवा भाग आहे. स्वित्झर्लंडमध्ये आणि आपल्याकडे दिवस, महिना, वर्ष असा क्रम असतो. अमेरिकेत महिना आधी येतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने तेथून वडिलांसाठी आणलेल्या घड्याळाच्या कागदावर ०४-०५-२००६ असे असेल, तर ती ५ एप्रिलची खरेदी. चेन्नईच्या दुकानातील तोच आकडा ४ मे सांगेल. हमीसाठी महिन्याभराचा फरक क्षुल्लक. विमान तिकीट आणि सीमाशुल्काच्या पावतीशी ताळा जमवताना तो क्षुल्लक राहत नाही.

क्रमांकात दडलेले वर्ष

उत्पादनाचे वर्ष शोधायचे तर अनुक्रमांकाकडे वळावे लागते. सर्वांत सोपे उदाहरण महागड्या घड्याळाचे नाहीच. जपानच्या सेइको कंपनीच्या पूर्वीच्या बहुतेक घड्याळांच्या झाकणावरील अनुक्रमांकात पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे स्थान महिन्याचे. १ ते ९ या अंकांनी जानेवारी ते सप्टेंबर आणि पुढील तीन महिन्यांसाठी इंग्रजी नावांची आद्याक्षरे, म्हणजे ओ, एन आणि डी. क्रमांकाची सुरुवात ७४ ने होत असेल, तर वर्ष ७ ने संपणारे आणि महिना एप्रिल. ते १९६७ की १९७७ की १९८७ हे मात्र क्रमांक सांगत नाही. ते यंत्राच्या नमुन्यावरून ठरवावे लागते. घरातील जुन्या सेइकोवर ही रीत आजच पडताळून पाहता येईल.

रोलेक्सची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि अधिक पैशांची. या कंपनीने आपल्या अनुक्रमांकांची वर्षवार यादी कधीही प्रसिद्ध केलेली नाही. आज जे तक्ते वापरात आहेत ते संग्राहक व व्यापारी यांनी हजारो घड्याळे आणि त्यांचे कागद ताडून तयार केले आहेत. म्हणून त्यांतील प्रत्येक वर्ष अंदाजे मानावे. एखाद्या वर्षाचा फरक हा आक्षेप होऊ शकत नाही.

या तक्त्यांनुसार कंपनीचे आकडे १९५० च्या दशकात सहा अंकांच्या शेवटापर्यंत पोहोचले आणि पुन्हा लहान आकड्यांपासून सुरू झाले. त्यामुळे सहा अंकी क्रमांक एकट्याने पाहिला तर त्याची दोन उत्तरे निघतात. सुदैवाने त्या काळातील अनेक घड्याळांच्या झाकणाच्या आतील बाजूस एक छोटी खूण असे: रोमन आकड्यात तिमाही आणि पुढे वर्षाचे दोन अंक. रोमन दोन आणि ५६ असे असल्यास १९५६ ची दुसरी तिमाही. १९७० च्या सुमारास ही पद्धत बंद झाली.

पुढे आकडे वाढत जाऊन १९८७ मध्ये सात अंकही संपत आले. तेव्हा कंपनीने आकड्यांपुढे एक अक्षर लावण्यास सुरुवात केली. पहिले अक्षर आर, नंतर एल, ई आणि एक्स. कंपनीच्या इंग्रजी नावातीलच ही अक्षरे. केवळ ओ वगळलेला, कारण तो शून्यासारखा दिसतो. हा क्रम १९९१ पर्यंत चालला. त्यानंतरच्या अक्षरांत मात्र असे कोणतेही सूत्र नाही, ती पाठच करावी लागतात: एन १९९१, सी १९९२, एस १९९३, डब्ल्यू १९९४-९५, टी १९९६, यू १९९७, ए १९९८-९९, पी २०००, के २००१, वाय २००२, एफ २००३ पासून, डी २००५, झेड २००६, एम २००७, व्ही २००८-०९ आणि शेवटी जी २०१०. त्याच सुमारास कंपनीने अंक व अक्षरे यांची सरमिसळ असलेला आठ चिन्हांचा यादृच्छिक क्रमांक सुरू केला. तेव्हापासून क्रमांकावरून वर्ष काढण्याचा मार्ग बंद झाला आहे. या नव्या क्रमांकावरून नेमके उत्पादन वर्ष सांगणारा कोणी भेटला, तर तो अंदाजच सांगत आहे असे समजावे.

या माहितीचा उपयोग कसा होतो? समजा, घड्याळाचा क्रमांक डी अक्षराने सुरू होतो आणि प्रमाणपत्रावर २००२ ची तारीख आहे. तयार होण्यापूर्वी तीन वर्षे घड्याळ विकले गेले असे होऊ शकत नाही. म्हणजे कागद दुसऱ्या घड्याळाचा अथवा बनावट. उलट, क्रमांक वाय आणि तारीख २००४ असेल, तर घड्याळ दोन वर्षे दुकानात पडून होते, एवढाच अर्थ. विक्री उत्पादनानंतर कितीही उशिरा होऊ शकते, आधी कधीच नाही. तपासाचा सारा डोलारा या साध्या नियमावर उभा आहे.

अनुक्रमांक कोठे असतो हेही ठाऊक हवे. रोलेक्समध्ये तो पूर्वी केसच्या दोन कानांमधील पट्टीखाली, सहाच्या अंकाच्या बाजूस कोरलेला असे. तो पाहण्यासाठी धातूचा पट्टा काढावा लागतो. २००० च्या दशकाच्या मध्यापासून तो काचेखालील आतील कड्यावर येऊ लागला. पट्ट्याच्या कडीवरही १९७६ पासून वर्षाचे अक्षर आणि महिन्याचा अंक असे. पण पट्टा बदलता येतो. घड्याळ १९८२ चे आणि कडी १९९० ची असणे ही दुरुस्तीची खूण असेल, लबाडीची असेलच असे नाही.

तबकडीचेही तसेच. सहाच्या अंकाखाली 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंस टी हे अक्षर असेल, तर काट्यांवरील चमकता लेप ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचा आहे. रोलेक्सने १९९८ च्या सुमारास त्याचा वापर थांबवला. २००५ च्या कागदासोबत टी असलेली तबकडी दिसली तर कान टवकारावेत. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे सव्वाबारा वर्षांचे असल्याने अशी तबकडी आज अंधारात जवळजवळ चमकतच नाही. ती लखलखत असेल, तर लेप नव्याने लावलेला आहे.

शिक्का आणि पावती

परदेशी तक्ते कोणालाही मिळतात. बनावट कागद करणाऱ्यांकडेही ते असतातच, आणि क्रमांकाशी जुळणारे वर्ष घालण्याइतकी दक्षता ते घेतात. चूक होते ती बहुधा आपल्याकडच्या तपशिलात. शिक्क्यावर इंग्रजीत 'चेन्नई' आणि तारीख १९८८ ची, असा कागद समोर आला तर तो बाजूला ठेवावा. शहराचे इंग्रजी व्यवहारातील नाव मद्रासचे चेन्नई झाले ते १९९६ मध्ये. मुंबईसाठी हीच सीमारेषा १९९५ ची. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा असू शकत नाही. रुपयाचे आजचे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले, त्यामुळे ते छापलेली २००५ ची पावती नंतर तयार केलेली आहे. वस्तू व सेवा कराचा पंधरा चिन्हांचा क्रमांक १ जुलै २०१७ नंतरच्याच पावतीवर शोभतो. तमिळनाडूतील दुकानाचा हा क्रमांक ३३ ने आणि महाराष्ट्रातील २७ ने सुरू होतो. कोइम्बतूरच्या दुकानाच्या पावतीवर २७ दिसला, तर विचारणा करणे भाग आहे.

कागदाचे स्वरूपही वयाप्रमाणे बदलते. रोलेक्सच्या जुन्या प्रमाणपत्रावर अनुक्रमांक बारीक छिद्रे पाडून उमटवलेला असे. २००६ च्या सुमारास त्याची जागा प्लॅस्टिकच्या कार्डाने घेतली. १९९५ च्या घड्याळासोबत चकचकीत कार्ड मिळत असेल, तर विक्रेत्याला ते कोठून आले हे विचारावे.

माउंट रोडवरील घड्याळे

येथवरची चर्चा कागद असलेल्या घड्याळांची झाली. चेन्नईतील अनेक जुन्या घरांत मात्र अशी घड्याळे आहेत की ज्यांच्यासोबत कधी काही कागद आले असतील, तर ते केव्हाच नाहीसे झाले. या शहराचा घड्याळाशी संबंध जुना आहे. येथील वेधशाळेची वेळ भारतीय रेल्वेगाड्या १९०५ पर्यंत पाळत असत. स्कॉटलंडहून आलेले पीटर ऑर यांची 'पी. ऑर अँड सन्स' ही पेढी १८४९ पासूनची. माउंट रोडवरील, म्हणजे आजच्या अण्णा सलाईवरील तिची मनोऱ्याची इमारत १८७९ मधील. संस्थानिक, सरकारी अधिकारी आणि रेल्वे यांना या पेढीने पिढ्यानपिढ्या घड्याळे पुरवली. त्यांच्या तबकडीवर बहुधा पेढीचेच नाव असे. आतील यंत्र युरोपातील कारखान्याचे. काही तबकड्यांवर मद्रासच्या जोडीला रंगूनचेही नाव दिसते.

मुंबईत हीच रीत 'वेस्ट एंड वॉच कंपनी'ची. १८८० च्या दशकात सुरू झालेल्या या कंपनीची 'सोवार प्रायमा', 'क्वीन अ‍ॅन' ही नावे मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना अद्याप आठवतील. तबकडीवर वेस्ट एंड आणि आत लाँजीनचे यंत्र, असेही अनेकदा आढळते.

अशा घड्याळाचे वय शोधताना तबकडीवरील नाव फारसे उपयोगी पडत नाही. झाकण उघडून यंत्रावरील क्रमांक पाहावा. केसचा क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक हे दोन वेगळे असतात आणि जुन्या घड्याळांत वयाचा खरा आधार पुष्कळदा यंत्राचा क्रमांक हाच असतो. लाँजीनच्या नोंदवह्या १८६७ पासूनच्या आहेत. क्रमांक कळवल्यास कंपनी त्यातील नोंदीचा उतारा देते: घड्याळ कोणत्या प्रकारचे होते, कोणत्या व्यापाऱ्याच्या नावे आणि कोणत्या तारखेस बीजक झाले. ही तारीख उत्पादनाची नाही आणि ग्राहकाला झालेल्या विक्रीचीही नाही. ती कारखान्याने व्यापाऱ्याच्या नावे बिल केल्याची आहे. जहाजाने मद्रास अथवा मुंबई गाठून माल दुकानात लागेपर्यंत आणखी काही महिने जात. पाटेक फिलिपचा उतारा याबाबत अधिक उदार असून त्यात उत्पादनाची आणि त्यानंतरच्या विक्रीची अशा दोन्ही तारखा असतात. खरेदीदाराचे नाव मात्र कंपनी सांगत नाही.

केस सोन्याची अथवा चांदीची असेल, तर आणखी एक साक्षीदार हाताशी असतो: धातूच्या शुद्धतेचा सरकारी छाप. ब्रिटनमध्ये छाप मारलेल्या केसवर वर्षाचे एक अक्षर असते. लंडन, बर्मिंगहॅम, चेस्टर अशा प्रत्येक छाप-कार्यालयाची अक्षरांची मालिका वेगळी. अक्षराचे वळण आणि भोवतालच्या ढालीचा आकार यांवरून ते कोणत्या फेरीतील हे कळते. लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी नांगर आणि चेस्टरसाठी गव्हाच्या पेंढ्या व तलवार ही चिन्हे होती. १९७५ पूर्वी ही अक्षरे १ जानेवारीस बदलत नसत, त्यामुळे एका अक्षरात दोन वर्षांचे तुकडे येतात. स्विस अठरा कॅरट केसवर १९९५ पर्यंत हेल्व्हेशिया या देवतेचे मुख असे. त्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून त्याजागी सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे मुख आले. १९८८ च्या प्रमाणपत्रासोबतच्या सोन्याच्या घड्याळावर कुत्र्याचे मुख दिसले, तर निदान केस तरी मूळची नाही.

हे छाप वाचण्यासाठी स्वित्झर्लंडला पत्र पाठवण्याची गरज नसते. चेन्नईच्या साहुकारपेठेत जुने सोने गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून गेलेली मराठी कुटुंबे आहेत. केसचे सोने किती कसाचे आहे, हे अशा ठिकाणी तपासून मिळते. अर्थात तेथे घड्याळ केवळ तपासण्यासाठी न्यावे, गाळण्यासाठी नव्हे. सोन्याच्या भावाने वितळवलेल्या जुन्या केसमध्ये काय काय हरवले असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

उतारा खरा, घड्याळ मात्र जुळवलेले

कारखान्याच्या नोंदवहीचा उतारा हाती आला, की शंका संपली असे मानण्याकडे कल असतो. जीनिव्हात नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या एका लिलावाने हा समज मोडला. १९५७ मधील म्हणून मांडलेले ओमेगा कंपनीचे एक 'स्पीडमास्टर' घड्याळ तेथे ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीस विकले गेले. लिलावापूर्वीचा अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा होता. खरेदीदार होती स्वतः ओमेगा कंपनी. आपल्या संग्रहालयासाठी तिने ते घेतले. जून २०२३ मध्ये उघड झाले, की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले होते. या प्रकारात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने सांगितले.

नोंदवहीत एक क्रमांक असतो आणि त्यापुढे एक तारीख असते. तो क्रमांक कोरलेले यंत्र नंतरच्या साठ वर्षांत कोणत्या केसमध्ये बसवले गेले, तबकडी केव्हा बदलली, काटे कोणाचे, हे नोंदवहीला ठाऊक असण्याचे कारण नाही. पाटेक फिलिपसारख्या कंपन्यांचा उतारादेखील नोंदीपुरताच असतो; समोरचे घड्याळ तपासून दिलेला तो अस्सलपणाचा दाखला नव्हे. अस्सलपणासाठी घड्याळ उघडून पाहावेच लागते.

म्हणून जुने महागडे घड्याळ घेताना व्यवहारापूर्वी ते जाणकार घड्याळजीकडून उघडून घेण्याचा आग्रह धरावा. विक्रेता यास नकार देत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी थांबावे. केसचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक, प्रमाणपत्रावरील क्रमांक आणि पावतीवरील क्रमांक यांची छायाचित्रे काढून शेजारी ठेवावीत. पावतीवर अनुक्रमांक नसेल, तर तो लिहून त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी. अनुक्रमांक नसलेली पावती ही 'एक घड्याळ विकले' एवढेच सांगते आणि कलम १२३ च्या चौकशीत तिचा फारसा आधार मिळत नाही. परदेशातून आणलेल्या घड्याळासाठी तेथील पावतीसोबत सीमाशुल्क भरल्याची पावतीही जपून ठेवावी. वडिलांचे घड्याळ मुलाकडे येते तेव्हा घड्याळ दिले जाते, कागद मात्र जुन्या कपाटाच्या खणात राहतात. ते तेव्हाच शोधलेले बरे.

झाकण उघडलेले असताना त्याच्या आतील बाजूकडेही लक्ष द्यावे. दुरुस्तीनंतर टोकदार सुईने तेथे बारीक अक्षरे कोरण्याची घड्याळजींची जुनी पद्धत आहे: आपली खूण, कामाचा क्रमांक आणि बहुधा तारीख. माउंट रोडवरच्या एखाद्या कारागिराने कोरलेले १२-३-६१ कागदावर कोठेही नसते, ते कोणी विकण्यासाठी लिहिलेलेही नसते. दहापट भिंगाखाली, प्रकाश तिरका धरला की ते स्वच्छ वाचता येते.